नीलू कितवीला आहे?

चप्पल काढता काढता समोर दिसेल त्या पोराला "कितवीला रे तू?" असं विचारायची आपल्याकडं पद्धतच आहे. विचारणाऱ्याला उत्तराशी काही घेणंदेणं नसतं. पोरगं "सहावी" म्हणतं, पाहुणा "शाब्बास" म्हणतो, आणि सहावीत असण्यात शाब्बासकी देण्यासारखं काय आहे, असा विचार कुणीच करत नाही. मग चहा येतो आणि विषय संपतो. सुकन्याच्या घरी मात्र विषय इथूनच सुरू व्हायचा.

कारण सुकन्याची मुलगी कितवीलाच नव्हती. नीलांबिका तिचं नाव, घरात नीलू, वय तेरा. पाचवी अर्धी झाली असताना सुकन्यानं तिला शाळेतून काढलं, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. पोरगी घरी शिकत होती. घरी म्हणजे जुळे सोलापुरातल्या त्यांच्या रो हाऊसच्या मधल्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी, आईबरोबर.

लोक विचारायचे. परीक्षेचं काय? हे कायद्यानं चालतं का? दहावी कशी देणार? तुमचं स्वतःचं गणित चांगलं आहे का? पोरीला मैत्रिणी कशा मिळणार? चार माणसांत कसं वावरणार? उद्या स्थळ आलं तर शाळेचं नाव काय सांगणार? आणि मग आवाज खाली करून, पोरगी शेजारी बसलेली असताना, "काही दुखणं आहे का हो तिला?"

सुकन्याकडं सगळ्याची उत्तरं होती. मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते. गणित तिनं स्वतः परत पहिल्यापासून केलं होतं. नीलू शेजारच्या पद्मशाली घरात जाऊन तेलुगू लिहायला शिकली होती, संध्याकाळी गल्लीत बॅडमिंटन खेळत होती. पहिल्या वर्षी ही उत्तरं ती उत्साहानं द्यायची, दुसऱ्या वर्षी नेमानं. तिसऱ्या वर्षी दाराची बेल वाजली की तिचे खांदे आपोआप खाली यायचे. शिकवून ती दमत नव्हती. नीलूला अपूर्णांक कळत नव्हते तेव्हा आठवडाभर भाकरीचे तुकडे करून दाखवण्यातही तिला मजाच आली होती. दमायची ती उत्तरं देऊन. उत्तर दिलं तरी विचारणाऱ्याच्या तोंडावर "बघू या की काय होतंय ते" असं लिहिलेलं असायचं. आणि सगळे गेल्यावर, कपबशा विसळताना, तेच प्रश्न ती स्वतःलाच विचारायची, आणि तिथं तिच्याकडं एकही उत्तर नसायचं.

नवऱ्याचा आधार म्हणाल तर सोमलिंग औषध कंपनीच्या कामासाठी आठवड्यातले चार दिवस लातूर नाहीतर गुलबर्ग्याकडं. तो भला माणूस. कधीही फोन केला तरी "तू म्हणशील तसं" म्हणायचा. ऐकायला बरं वाटतं, पण त्यात सगळं ओझं अलगद दुसऱ्याच्या डोक्यावर जातं हे त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

शाळेतून काढण्याचं कारण तसं लहानच होतं. नीलू बोलताना एखाद्या अक्षराशी अडायची. घरी कुणी लक्ष देत नव्हतं, ती अडायची, सुटायची, पुढं जायची. पाचवीत वर्गापुढं धडा वाचताना ती 'घ'शी अडली आणि वर्ग हसला. पोरंच ती, हसणारच. पण दुसऱ्या दिवसापासून नीलूनं शाळेत तोंड उघडणंच बंद केलं. हजेरीला "उपस्थित" म्हणेना, पाणी प्यायला जाऊ का विचारेना. सकाळी गाडीचा हॉर्न वाजला की फाटकाचा गज धरून ठेवायची. महिनाभर सुकन्यानं तिची बोटं गजावरून एकेक करून सोडवली. एके दिवशी तिला ते जमेना. पतसंस्थेतली नोकरी सोडून ती घरी बसली.

आता या घरातली खरी पंचाईत अशी, की सुकन्याचे सासरे सिद्रामप्पा यांचं नवी पेठेत शाळेच्या गणवेशाचं दुकान. आयुष्य त्यांनी त्याच गल्ल्यावर काढलं. मे-जूनमध्ये अर्धं सोलापूर पोरांना घेऊन त्यांच्या दुकानाच्या पायऱ्या चढायचं. टेप त्यांच्या गळ्यात असायची पण ती नुसती शोभेची. आलेल्या पोराला ते दोनच गोष्टी विचारायचे, "कुठली शाळा? कितवी?" की वळून बरोबर त्या मापाचा गठ्ठा काढायचे. पोरगं जास्तच जाड किंवा बारीक असलं तर एक नंबर मागंपुढं. कितवी कळली की त्यांना माणूस कळायचं. आणि त्यांची स्वतःची नात कितवीलाच नव्हती, म्हणजे तिचं माप त्यांना सापडत नव्हतं. ते सुकन्याला कधी वाकडं बोलले नाहीत. फक्त जून महिना लागला की घरात गप्प गप्प असायचे.

आणि मग त्यांनी ती थाप मारली. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अक्कलकोट तालुक्यातले धोंडप्पा, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, गावातल्या पाच-सहा पोरांचे कपडे न्यायला आले होते. नेता नेता त्यांनी सहज विचारलं, "मालक, तुमची नात आता कुटल्या शाळेत?" सिद्रामप्पांच्या पुढ्यात गल्ल्यावर अकलूजच्या एका निवासी शाळेच्या कपड्यांचा गठ्ठा बांधून पडलेला होता. त्यावरचं नाव त्यांच्या तोंडून निघून गेलं. "अकलूजला आहे की. हॉस्टेलला. आठवी."

एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण गणवेश विकणाऱ्या माणसाला शाळेची तारीफ करायची सवय असते. तिथलं जेवण कसं घरच्यासारखं, बाई कशा मायाळू, पोरगी कशी धीट झाली, सगळं सांगून झालं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सुकन्याला सांगितलं, खाली बघत. "आता कुणी विचारलं तर सुट्टीला आलीय म्हणायचं. उगं चर्चा नको."

सुकन्याला असा संताप आला की दोन दिवस ती सासऱ्यांशी बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी सोमलिंगच्या मामी आल्या, त्यांच्यापर्यंत ही बातमी पोचलेलीच होती. त्यांनी विचारलं, "सुट्टीला आली व्हय नीलू?" सुकन्या म्हणाली, "हो." मामी म्हणाल्या, "शाब्बास." आणि चहा आला आणि विषय संपला! तीन वर्षांत पहिल्यांदा विषय संपला. सुकन्याला स्वतःची लाज वाटली, पण त्या दुपारी ती निवांत झोपली हेही खरं आहे.

तेव्हापासून तसंच चाललं. सुट्टीचे दिवस असले की नीलू सुट्टीला आलेली असायची, आणि नसले की बेल वाजल्यावर ती पुस्तक उचलून मागच्या खोलीत जाऊन बसायची. तिला कुणी जा म्हणत नव्हतं. ती आपली आपण जायची, दार ओढून घ्यायची. सुकन्या ते बघायची आणि बघून न बघितल्यासारखं करायची.

दसऱ्याला सिद्रामप्पांनी पुढचं बोलून टाकलं. "दिवाळीनंतर तिथं दुसरं सत्र सुरू होतंय. माझी वळख आहे, मधेच घेतील. जे बोलून बसलोय ते खरंच करून टाकू की." सुकन्या नाही म्हणणार होती. तिच्या तोंडात नाही आलेलंही होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "तू लई दमलीस गं पोरी. तुझ्याकडं बघवत नाही."

इतक्या वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, आईनं नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातलं नाही तिथंच विरघळलं. "दिवाळी झाल्यावर सांगते, मामा," एवढंच ती सासऱ्यांना म्हणाली. पण मनातून तिचं ठरत आलं होतं. पाठवू या. इतरांच्या पोरी जातातच की. रडतात, मग राहतात.

भाऊबीज होऊन गेली. त्यानंतर एका रात्री सिद्रामप्पांनी अकलूजच्या शाळेचा एक गणवेश प्लॅस्टिकमध्ये घालून आणला आणि मधल्या खोलीतल्या कपाटावर ठेवला. नीलूला अजून काही सांगितलेलं नव्हतं. पण गणवेशवाल्याच्या घरातली पोरगी ती, कुठल्या शाळेची चौकडी कुठली हे तिला अंधारातही ओळखू आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती कपाटाकडं पाठ करून वाचत बसली होती आणि पान काही उलटत नव्हती. दुपारी मामा जेवायला येतील तेव्हा त्यांना हो म्हणायचं, आणि मग नीलूला सांगायचं, असं सुकन्यानं योजलं होतं. भाकरी थापताना ती मनात वाक्यं जुळवत होती. एकही धड जुळत नव्हतं.

सिद्रामप्पा जेवून नुकतेच खुर्चीत टेकले होते. "सांगतेस ना?" म्हणून त्यांनी सुनेकडं बघितलं, आणि तेवढ्यात बेल वाजली. मधल्या खोलीतून पुस्तक उचलल्याचा आवाज आला, मग मागचं दार ओढल्याचा.

दारात धोंडप्पा. डोक्याला टोपी, हातात शेंगांची पिशवी. आणि पाठीशी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली, नजर पायाकडं.

"मालक हायत न्हवं? दुकानात गेल्तो, पोरगं म्हनलं जेवायला घरी गेल्यात. म्हनलं बरं झालं, घरीच जाऊ. आमचं काम घरीच हाय." ते आत येऊन टेकले. "ही सोनम. माजी नात. सहावीला."

कुणीच शाब्बास म्हणालं नाही. सिद्रामप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुमी त्या शाळेचं येवडं सांगितलासा," धोंडप्पा म्हणाले, "आमच्या गावात तर पाचवीच्या फुडं शाळाच न्हाय. मग म्हनलं, मालकांची नात तितं हाय तर आपली बी घालू. जूनला नेऊन सोडली. ही लई रडली. मी म्हनलं, रडू नगं, तितं नीलूअक्का हाय, आपल्या मालकांची नात, आटवीला. ती तुला सांबाळंल. तिला जाऊन भेट."

सुकन्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चहाचं आधण ठेवायला म्हणून वळली होती, ती तशीच राहिली.

"आता दिवाळीला आली तर म्हनती, आज्जा, तितं नीलू म्हनून कुनी न्हाईच. आटवीच्या समद्या वर्गात जाऊन इचारलं म्हनती. जेवायला बसल्यावर एकेकीला इचारलं म्हनती. बाईंनी सुदा न्हाय म्हनून सांगितलं म्हनं. पोरी हिला चिडवायला लागल्या, तुजी नीलूअक्का कुटं हाय म्हनून." धोंडप्पा हसले, पण ते हसणं खरं नव्हतं. "मी म्हनलं, मालक खोटं बोलतील व्हय? मी पोरगा हुतो तवापास्नं वळीखतो त्यास्नी. परत न जायाची नाटकं हायत तुजी. म्हनून घिऊन आलो. समोरासमोर हून जाऊ द्या. सुट्टीला आलीच आसंल की तुमची नीलू, बोलवा तिला."

सगळं सिद्रामप्पांच्या एका शब्दावर आलं होतं. बोलायला हवं होतं, आणि माणूस वाईट नव्हताच, सुनेला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "शाळा मोठी आहे की, धोंडप्पा. पोरी किती असतात तिथं. लहान लेकरू हे, गोंधळलं असेल."

"ऐकलंस?" धोंडप्पा नातीकडं वळले.  सोनमनं फ्रॉकची कड मुठीत धरली.

ती मूठ सुकन्यानं बघितली. फाटकाच्या गजावरची बोटं तिला आठवली नसती तर नवल. आता आपण बोललंच पाहिजे, हे तिला लख्ख कळलं. धोंडप्पाही तिच्याकडंच बघत होते. "सूनबाई, तुमीच सांगा की हिला. तुमची नीलू हाय न्हवं तितं?"

सुकन्यानं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "सुट्टीला आलीय."

सवयीनं निघालं. इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य, त्याला ढकलावंही लागलं नाही. बाहेर पडल्यावर ते तिच्या स्वतःच्याच कानावर आलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोनमनं वर बघितलं. या बाईकडून तिला काहीतरी आशा असावी. मग तिचे डोळे भरले आणि तिनं मान खाली घातली.

"झालं का समाधान?" धोंडप्पा म्हणाले. पण आवाजात सुटल्यासारखं झालं होतं, पोराबाळाच्या बाबतीत आपण चुकलो नाही हे कळल्यावर माणूस सुटतो तसं.

मागचं दार वाजलं. नीलू बाहेर आली. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर ती तीन वर्षांत स्वतः होऊन कधी आली नव्हती. मधल्या दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली, सोनमकडं बघत.

"ही... खरं बोलतीय," ती म्हणाली.

धोंडप्पांना ऐकू आलं नसावं. "काय म्हनतीस बाळा?"

"मी तिथं कधीच नव्हते. मी कितवीला पण नाही. मी घ... घ..."

अडली. तेच अक्षर.  सुकन्याच्या तोंडात 'घरी' हा शब्द तयारच होता, शाळेतून काढल्यापासून ती हेच तर करत आली होती, पोरगी अडली की तिचा शब्द उचलून पुढं द्यायचा. ती एक पाऊल पुढं झाली. नीलूनं तिच्याकडं न बघताच हात वर केला. थांब, म्हणाली त्या हातानं.

आणि सगळे थांबले. किती वेळ ते काय माहीत. बाहेर रिक्षा वळली, गेली.

"घरी शिकते," नीलू म्हणाली.

धोंडप्पांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग सिद्रामप्पांकडं. सिद्रामप्पा जमिनीकडं बघत होते. टोपी काढून धोंडप्पांनी ती मांडीवर ठेवली. ओरडतील असं सुकन्याला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मालक," ते हळू म्हणाले, "मी मारलं की वो हिला. भाऊबीजेदिवशी. खोटं बोलती म्हनून. तुमच्या शब्दावर."

 सिद्रामप्पा म्हणजे दुकानात कधी शब्दाला कमी न पडणारा माणूस, त्याला बसल्या जागी घाम फुटला. शेवटी ते एवढंच म्हणाले, "चुकलं धोंडप्पा." आणि परत, "माझंच चुकलं. पोरीचं नाही." कुठल्या पोरीचं, ते त्यांनी सांगितलं नाही. दोघींनाही लागू होतं.

सोनम मात्र मोठ्यांच्या या गोष्टीत नव्हतीच. ती नीलूकडं टक लावून बघत होती. डोळे अजून ओलेच होते.

"म्हंजे तू हायस?" ती म्हणाली. "खरंच हायस?"

"हो," नीलू म्हणाली. "आहे."

चहा झाला नाही. धोंडप्पांनी पाणी घेतलं, तेही घोटभरच. शेंगांची पिशवी मात्र परत उचलली नाही, तेवढी रीत त्यांनी सोडली नाही. बाहेर ओट्यावर ते चप्पल घालत होते तेव्हा सोनम मागं रेंगाळली. सुकन्याच्या जवळ येऊन तिनं हळूच विचारलं, "मावशी, घरी शिकायला काय काय लागतं?"

सुकन्याला हा प्रश्न शेकडो वेळा विचारून झालेला होता. तिला खिंडीत पकडायला, तिची फजिती बघायला, नाहीतर नुसता तोंडाला चाळा म्हणून. खरोखर उत्तर हवं म्हणून विचारणारी ही पहिलीच. आणि हिला काय सांगायचं? पुस्तकं, वेळापत्रक, मुक्त विद्यालय, हे सगळं घशाशी येऊन थांबलं.

"दिवसभर घरी थांबणारं एक माणूस लागतं," ती म्हणाली.

सोनमनं विचार केला. "मग न्हाय जमायचं. आई शेतात असती की." स्टँडवर एखाद्यानं आज गाडी नाही म्हणावं, तसं ती म्हणाली. तक्रार नव्हती.

 इतके दिवस आपण घरी थांबलो हे सुकन्याला ओझं वाटत आलं होतं, कधी शिक्षा, कधी हट्ट. ते कुणाला हवंसं वाटावं असं काही आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि आज सकाळी ती तेच टाकून द्यायला निघाली होती.

फाटकाशी नीलू पुढं झाली. धोंडप्पांना म्हणाली, "तिथं फोन चालतो?" या वेळी अडली नाही.

"ऐतवारी चालतो दुपारचा. का गं?"

"मी करू? हिला?"

धोंडप्पा तिच्याकडं बघत राहिले. राग त्यांचा गेला नव्हता, जायचं कारणही नव्हतं. "कर की," ते म्हणाले. "तुज्याच नावावर तर गेल्ती ती."

ते गेले. सुकन्यानं शेंगांची पिशवी आत नेऊन ठेवली. मग बाहेर येऊन म्हणाली, "मामा, नीलू जाणार नाही."

"कळलं की," सिद्रामप्पा म्हणाले. उठून त्यांनी कपाटावरचं प्लॅस्टिक काढलं, काखेत घेतलं. दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि सुट्टीला आलीय ते... ते पण नको म्हणू आता कुणाला. मीही सांगेन दुकानात. जड जाईल, पण सांगेन." मग ते दुकानाला गेले, नेहमीपेक्षा हळू.

लोकांची तोंडं काही बंद झाली नाहीत. उलट आता तीन वर्षांचा प्रश्न आणि वर सहा महिन्यांची थाप, असं दोन्हीचं उत्तर द्यायचं आलं. सोमलिंगच्या मामी खास त्यासाठी येऊन गेल्या. "मग त्या अकलूजचं काय झालं म्हणे?" सुकन्यानं सगळं सांगितलं, परीक्षेपासून मैत्रिणींपर्यंत, आणि मामींच्या तोंडावर "बघू या की" होतंच. त्या दिवशी रात्री तिचं डोकं दुखत होतं. सोमलिंगचा फोन आला. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." ती म्हणाली, "नाही. तू काय म्हणतोस ते सांग." पलीकडून आधी "म्हणजे?" आलं. पण फोन त्यानं ठेवला नाही.

शाळा सुरू झाली. पहिल्या रविवारी दुकान बंद होतं, सिद्रामप्पा खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. जेवणं झाल्यावर नीलूनं आईचा मोबाईल उचलला, धोंडप्पांकडून घेतलेला नंबर लावला आणि खिडकीशी उभी राहिली. सुकन्या ओटा पुसत होती. फोनमधून बाईंचा आवाज तिला तिथवर ऐकू आला. रविवारी दुपारी असे कितीतरी फोन घ्यावे लागतात, तसला कंटाळलेला आवाज.

"सोनमशी बोलायचंय? कोण बोलतंय? कितवीला आहेस तू?"

सुकन्याच्या हातातलं फडकं थांबलं. पाय आपोआप मधल्या खोलीकडं वळले, हात फोन घ्यायला पुढं झाला. सांगू, मी आई बोलतेय, असं आहे, तसं आहे. तीन वर्षांचं सगळं तोंडाशी आलं. सिद्रामप्पांनी पेपरमागून हळूच म्हटलं, "थांब की."

नीलू खिडकीकडं तोंड करून उभी होती. तिची मान ताठ झाली, खांदे वर गेले, 'घ'शी ती अडली हे पाठमोरं बघूनही कळत होतं. बाई पलीकडून "हॅलो? हॅलो?" म्हणाल्या. सुकन्या जागची हलली नाही. फडक्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"घरी," नीलू म्हणाली. "मी घरी शिकते. सोनमला सांगा, नीलूअक्का आहे."

बाई सोनमला बोलवायला गेल्या असाव्यात. नीलू फोन कानाला धरून वाट बघत राहिली. सुकन्या पलंगाच्या कडेला टेकली. आज कितवीला ते कुणीतरी तिच्याऐवजी सांगितलं होतं. ती फार दमली होती, आणि बसल्या बसल्याच तिचे डोळे मिटायला लागले.